नोवी साद: डॅन्यूबकाठच्या शहराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट हा त्रिकोण आता महाराष्ट्रातल्या प्रवाशांच्या चांगल्याच ओळखीचा झाला आहे. ही सहल करून आलेल्या मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "त्याच बाजूला, पण गर्दी नसलेलं काही आहे का?" आम्ही हल्ली नोवी साद सुचवतो, आणि लगेच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे शहर नक्की आहे कुठे?

सर्बियाच्या उत्तरेला, वोयवोदिना प्रांतात. बेलग्रेडहून साधारण ८० किलोमीटर. डॅन्यूब बुडापेस्टहून दक्षिणेला उतरते आणि बेलग्रेडला पोहोचण्याआधी नोवी सादला भलंमोठं वळण घेते. डाव्या काठावर सपाट मैदानातलं शहर, उजव्या काठावर खडकावर बसलेला पेत्रोवारादिनचा किल्ला. २०२२ च्या जनगणनेनुसार आसपासच्या वस्त्या धरून लोकसंख्या सुमारे ३ लाख ६९ हजार. सर्बियातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर, पण आपल्याकडच्या मापाने पाहिलं तर मध्यम आकाराचं जिल्ह्याचं ठिकाणच.

इतकं चांगलं आहे, तर आजवर नाव का ऐकलं नाही?

याला तीन कारणं आहेत.

पहिलं, शेजारी फार मोठे. वरच्या अंगाला बुडापेस्ट, खालच्या अंगाला बेलग्रेड. नदीतून जाणाऱ्या क्रूझ बोटी इथे थांबतात, पण त्यांचे प्रवासी अर्ध्या दिवसात किल्ला बघून निघून जातात.

दुसरं, १९९० चं दशक. युगोस्लाव्हिया फुटला, आर्थिक निर्बंध आले, आणि १९९९ च्या वसंतात नाटोच्या बॉम्बफेकीत शहराचे डॅन्यूबवरचे तिन्ही पूल पडले. त्यानंतर बरीच वर्षं लोक तरंगत्या पुलावरून ये-जा करत होते. ज्या शहराचं नाव बातम्यांत फक्त पडलेल्या पुलांसोबत आलं, तिथे सहलीला कोण जाणार?

तिसरं कारण अगदीच व्यवहारी आहे. सर्बिया युरोपियन युनियनमध्ये नाही, शेंगेनमध्येही नाही. एका व्हिसावर पाच देश बसवणाऱ्या सहलीत त्यामुळे हा देश आपोआप गळतो.

मग आता अचानक लोक का जायला लागले?

अचानक असं काही नाही, पंचवीसेक वर्षांची वाटचाल आहे. २००० मध्ये मिलोशेविचच्या राजवटीविरुद्ध विद्यार्थ्यांनी 'एक्झिट' नावाचा उपक्रम सुरू केला, त्याचा पुढे किल्ल्यावरचा प्रचंड संगीत महोत्सव झाला. युरोपातली तरुण मंडळी पहिल्यांदा या शहरात आली ती त्यासाठी. मग लोनली प्लॅनेटने २०१९ च्या यादीत जगातल्या पहिल्या दहा शहरांत नोवी सादला तिसरा क्रमांक दिला. २०२२ मध्ये ते 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' झालं. मान खरं तर २०२१ चा होता, कोविडमुळे एक वर्ष पुढे गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये बेलग्रेडहून ताशी २०० किलोमीटर वेगाची रेल्वे सुरू झाली आणि प्रवास अर्ध्या-पाऊण तासावर आला.

आमच्या मते या सगळ्यात रेल्वेचा वाटा सर्वांत मोठा. पण तिच्यामुळे एक तोटाही झाला: लोक बेलग्रेडहून सकाळी येतात आणि संध्याकाळी परत जातात. नोवी साद बघायची ही सगळ्यात वाईट पद्धत. इथे 'बघण्यासारखं' आहे ते एका दिवसात संपतं. मजा आहे ती त्यानंतरच्या दोन दिवसांत.

व्हिसा लागतो का?

लागतो. २०१७ ते २०२२ या काळात भारतीयांना सर्बियात व्हिसाशिवाय जाता येत होतं, आणि यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अजून तेव्हाचेच आहेत. १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत बंद झाली.

मात्र तुमच्याकडे शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर सर्बियाचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. तुमच्या तिथल्या पूर्ण मुक्कामात तो वैध हवा, एवढंच. नेमकं इथेच लोक अडकतात. समजा तुम्ही बुडापेस्टहून नोवी सादला गेलात आणि परतीचं विमान व्हिएन्नाहून आहे. म्हणजे तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि पुन्हा आत शिरणार. व्हिसावर एकाच प्रवेशाचा शिक्का असेल तर परतताना सीमेवर अडवतील. अर्ज करतानाच मल्टिपल एन्ट्री मागा, किंवा सर्बिया सहलीच्या शेवटी ठेवून बेलग्रेडहूनच घरी परता. नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी सर्बियाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

अजून एक. सर्बियात पोहोचल्यावर २४ तासांत परदेशी पाहुण्याची पोलिसांत नोंद व्हावी लागते. हॉटेलवाले ती आपणहून करतात. एखाद्याच्या फ्लॅटमध्ये राहणार असाल तर घरमालकाला आठवण करा आणि मिळालेला कागद जपून ठेवा.

पोहोचायचं कसं?

भारतातून थेट विमान नाही. मुंबईहून इस्तंबूल किंवा आखातातल्या एखाद्या विमानतळावर बदलून बेलग्रेडचा निकोला टेस्ला विमानतळ गाठायचा आणि तिथून बस, टॅक्सी किंवा रेल्वे. रेल्वेचं तिकीट काढताना गाडी नोवी सादच्या मुख्य स्टेशनवर थांबते की नदीपलीकडच्या पेत्रोवारादिनला, हे नीट बघून घ्या. कारण मुख्य स्टेशनवरची दुर्घटना, तिच्याबद्दल पुढे येईलच.

बुडापेस्टहून बस आहेत. अंतर फार नाही, पण सीमेवर किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. त्या दिवशी पुढचं काही ठरवू नका.

स्टेशनचं छत कोसळलं होतं ना? तिथे आंदोलनं चालू आहेत म्हणतात. जाणं सुरक्षित आहे का?

हो, कोसळलं होतं. १ नोव्हेंबर २०२४ रोजी, सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी, नुकत्याच नूतनीकरण झालेल्या स्टेशनच्या प्रवेशद्वारावरचं काँक्रीटचं छत खालच्या माणसांवर पडलं. १६ जण गेले. यामागे भ्रष्टाचार आहे अशी लोकांची भावना झाली. विद्यार्थ्यांनी विद्यापीठं बंद पाडली आणि चौकाचौकांत लोक मृतांसाठी स्तब्ध उभे राहू लागले. २०२५ च्या जानेवारीत पंतप्रधान मिलोश वुचेविच यांनी राजीनामा जाहीर केला. ते पूर्वी याच शहराचे महापौर होते. ठिकठिकाणी भिंतींवर लाल रंगाचा हाताचा पंजा दिसतो, तो या आंदोलनाचा आहे.

आता सुरक्षिततेचं. रोष सरकारवर आहे, पाहुण्यांवर नाही. एरवी शहर शांत आहे, रात्री नदीकाठी बायका-मुलं निवांत फिरताना दिसतात. मोर्चा असेल तर त्या रस्त्याने जाऊ नका आणि पोलिसांचे व्हिडिओ काढू नका. स्टेशनसमोर फुलं, मेणबत्त्या दिसल्या तर तिथे सेल्फी काढू नये, हे वेगळं सांगायला नको. पण काढताना लोक दिसतात, म्हणून सांगितलं.

एक्झिट महोत्सवालाही याची झळ बसली. विद्यार्थ्यांना पाठिंबा दिल्यावर आपल्यावर दबाव आला, असं आयोजकांनी सांगितलं आणि २०२५ चा महोत्सव सर्बियातला शेवटचा म्हणून जाहीर केला. त्यामुळे 'जुलैत फेस्टिव्हलला जाऊ' असा बेत असेल तर आधी चौकशी करा.

किल्ल्यावर काय आहे?

पेत्रोवारादिनचं बांधकाम ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सत्तेने १६९२ मध्ये सुरू केलं आणि ते १७८० पर्यंत चाललं. तोवर तुर्कांचा धोका ओसरला होता. ५ ऑगस्ट १७१६ ला मात्र याच तटांखाली सव्हॉयच्या प्रिन्स यूजीनने ऑटोमन फौजेचा मोठा पराभव केला होता. आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्यांना इथे उंचीपेक्षा आखणीत रस वाटेल: चांदणीच्या आकाराचे बुरूज, खंदकांच्या आत खंदक आणि त्याखाली चार पातळ्यांत खोदलेली सुमारे १६ किलोमीटरची भुयारं. त्यातला थोडासाच भाग गाईडबरोबर दाखवतात. आत बारा महिने गारवा असतो, मे महिन्यातही अंगावर काहीतरी घ्या.

वरच्या घड्याळाची गंमत सगळे सांगतात, पण समोर उभं राहिल्यावरच ती कळते. तासकाटा लांब आहे आणि मिनिटकाटा आखूड. खाली नदीतल्या नावाड्यांना दुरून निदान किती वाजले एवढं तरी दिसावं म्हणून ही उलटी रचना. आपण सवयीने बघतो आणि भलतीच वेळ वाचतो. थंडीत ते मागे पडतं आणि उन्हाळ्यात पुढे धावतं, म्हणून गावातले लोक त्याला 'पिऊन टाइट' म्हणतात.

जुन्या बराकींमध्ये चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. १९६१ पासून चालणारी 'अतेलिए ६१' ही चित्रजवनिका विणण्याची कार्यशाळाही इथेच. चित्रकाराच्या कागदावरचं चित्र मागावर कसं उतरतं ते बघायचं असेल तर जरूर डोकवा. हातमागाची आवड असलेल्यांना इथे तासभर सहज लागतो, बाकीच्यांना दहा मिनिटं पुरतात.

आणि शहरात?

स्वातंत्र्य चौकापासून सुरुवात करा. मधोमध एकोणिसाव्या शतकातले सर्ब पुढारी स्वेतोझार मिलेतिच यांचा पुतळा आहे, इवान मेश्त्रोविचने घडवलेला. समोर मेरीचं कॅथलिक चर्च, ७२ मीटर उंच मनोऱ्याचं आणि रंगीत कौलांचं. तिथून झ्माय योविना आणि दुनाव्स्का हे पादचारी रस्ते थेट दुनाव्स्की पार्कपर्यंत नेतात. दोन्ही बाजूंना पिवळी, गुलाबी, पिस्ता रंगाची दुमजली घरं. ती फार जुनी वाटत नाहीत आणि नाहीतच. १८४९ च्या क्रांतीत किल्ल्यावरच्या हंगेरियन शिबंदीने शहरावर तोफा डागल्या आणि बहुतेक गाव बेचिराख झालं. आज दिसतं ते त्यानंतर उभं राहिलेलं.

१८६४ मध्ये 'मातित्सा स्र्पस्का' ही सर्बांची सर्वांत जुनी साहित्यसंस्था पेश्तहून इथे आली, तेव्हापासून या शहराला 'सर्बियाचं अथेन्स' म्हणतात. तिचं चित्रसंग्रहालय चुकवू नका. वोयवोदिना संग्रहालयातली चौथ्या शतकातली, सोन्याचा मुलामा दिलेली रोमन शिरस्त्राणंही बघाच.

येव्रेयस्का रस्त्यावरचं १९०९ मध्ये पूर्ण झालेलं सिनेगॉग आता बहुतेक मैफलींसाठी वापरतात, कारण प्रार्थनेला येणारा समाजच फारसा उरला नाही. जानेवारी १९४२ मध्ये हंगेरियन फौजेने तीन दिवसांत शहरातल्या बाराशेहून अधिक ज्यू आणि सर्ब माणसांना मारलं. कित्येकांना गोठलेल्या डॅन्यूबचा बर्फ फोडून पाण्यात ढकललं. नदीकाठच्या रस्त्यावर किरकोळ, उंच आकृत्यांचं एक शिल्प आहे: आई, बाप, मुलं. योवान सोल्दातोविचचं. वाटेत लागतं, थांबा.

'चिनी मोहल्ला' म्हणजे काय? तिथे चिनी लोक राहतात का?

नाही. डॅन्यूबकाठच्या जुन्या कारखान्यांच्या वस्तीला पडलेलं हे नाव. कारखाने बंद पडल्यावर तिथे कलाकार, छोटे वर्कशॉप आणि क्लब शिरले. २०२२ च्या निमित्ताने सगळ्याची डागडुजी झाली आणि आता त्याला 'डिस्ट्रिक्ट' म्हणतात. विटांच्या शेडमध्ये प्रदर्शनं आणि मैफली होतात. झालंय देखणं. पण आधीपासून तिथे असलेल्या काही कलाकारांना हा कारभार रुचला नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. जागा चकचकीत झाली की तिला जिवंत ठेवणारी माणसंच आधी बाहेर पडतात.

डॅन्यूबमध्ये पोहता येतं का?

हो, श्त्रांदवर. शहरातच असलेला हा वाळूचा किनारा १९११ पासून चालू आहे. मोसमात नाममात्र तिकीट असतं. कपडे बदलायच्या लाकडी खोल्या, पॉपलरच्या झाडांची सावली, भाजलेली कणसं आणि वर स्वातंत्र्य पुलाच्या तारा. हा पूल १९९९ मध्ये पडला आणि २००५ मध्ये पुन्हा उभा राहिला. १९४२ मध्ये बर्फ फोडला गेला, ती एक जागा हीच. इथल्या लोकांना ते माहीत आहे आणि तरी दर उन्हाळ्यात सगळं शहर इथे असतं.

पोहायचं ते जीवरक्षक असतात त्या हद्दीतच. वरून संथ दिसणाऱ्या डॅन्यूबला आत जोरदार ओढ आहे.

शाकाहारी माणसाचं काय? (सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न)

सर्बिया मांसाहारी देश आहे, यात शंका नाही. पण एक शब्द पाठ करा: 'पोस्नो'. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाचं जेवण. बुधवार, शुक्रवार, ईस्टरआधीचे सात आठवडे आणि ७ जानेवारीच्या ख्रिसमसआधीचे चाळीस दिवस असे त्यांचे उपास असतात. त्या जेवणात मांस, दूध, अंडी काहीच नसतं. बेकरीत आणि खाणावळीत 'पोस्नो' मागितलं की लगेच कळतं. फक्त मासा त्यात कधीकधी चालतो, म्हणून 'बेझ रिबे', म्हणजे मासा नको, हेही सांगा.

'प्रेब्रानात्स', म्हणजे कांदा घालून भट्टीत मुरवलेली घेवड्याची उसळ, पोळीशिवायही पोट भरते. त्यात डुकराचं मांस नाही ना, एवढं विचारा. चीज, पालक किंवा बटाट्याची पिटा, म्हणजे पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ, मिळते. वर पांढरं चीज किसलेली शोप्स्का सॅलड सगळीकडे मिळते. गोडात 'गोंबोत्से', बटाट्याच्या पारीत अख्खं आलूबुखार भरून उकडलेले गोळे, वरून परतलेला ब्रेडचा चुरा. उकडीचे मोदक आवडणाऱ्याला हे आवडणारच.

सप्टेंबरात गेलात तर घराघरांतून लाल मिरच्या भाजल्याचा वास येतो. वर्षभराचं 'आय्वार', म्हणजे या मिरच्यांची चटणी, तेव्हाच घातलं जातं. बाजारातून एक बरणी आणाच. ती हातातल्या सामानात ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील.

बेकरीच्या काही पदार्थांत डुकराची चरबी असते. 'मास्त' आहे का असं विचारायचं. कट्टर शाकाहारी असाल तर हा प्रश्न रोज विचारावा लागेल. जैन जेवणाची मात्र अपेक्षा ठेवू नका. चहा, फळं आणि घरून नेलेले खाकरे हाच आधार.

मांसाहारी मंडळींसाठी: नदीकाठच्या 'चार्दा'मध्ये, म्हणजे खाणावळीत बसून मिरचीपूड घातलेलं लालभडक माशांचं कालवण मागवा. शेजारी तांबुरा वाजवणारे आले तर त्यांना थोडे पैसे द्यायची पद्धत आहे.

खर्च किती येतो?

व्हिएन्नाच्या मानाने बराच कमी, पण 'युरोपातलं सर्वांत स्वस्त' वगैरे जे छापून येतं ते आता जुनं झालं. चलन दिनार. एका युरोला साधारण ११७ दिनार मिळतात, त्यामुळे बिलावरचा आकडा रुपयांच्याच घरात असतो, रुपयांत तो थोडा कमीच भरतो. हिशेब करत बसावं लागत नाही. रुपये इथे बदलून मिळतील अशी आशा नको; युरो न्या आणि 'मेन्याच्नित्सा' पाटी असलेल्या दुकानात बदला. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. मोबाइलच्या 'युरोप पॅक'मध्ये सर्बिया बरेचदा नसतो, घेण्याआधी यादी वाचा.

कधी जावं?

एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टला ऊन तापतं. जानेवारीत पारा शून्याखाली जातो.

जवळपास काय करता येईल?

स्रेम्स्की कार्लोव्त्सी. दहा-बारा किलोमीटरवरचं हे छोटं गाव आमच्या मते नोवी सादइतकंच महत्त्वाचं. ऑटोमन साम्राज्य आणि युरोपीय सत्तांमध्ये १६९९ चा तह इथे झाला, ज्यात तुर्कांना मध्य युरोपातला मोठा मुलूख सोडावा लागला. वाटाघाटींच्या जागी आज एक गोल चॅपल आहे. वाटाघाटींत कुणी आधी आत यायचं यावरून मानापमान नको, म्हणून चार दरवाजांची जागा केली होती, असं सांगतात. चौकात चार सिंहांचं कारंजं, १७९१ पासूनचं हायस्कूल आणि गल्लीगल्लीत 'बेर्मेत' नावाची मसालेदार गोड वाइन. पिणाऱ्यांनी चाखून मग बाटली घ्यावी. काहींना ती खोकल्याच्या औषधासारखी लागते.

त्याच्या मागे फ्रुश्का गोरा, १९६० पासून राष्ट्रीय उद्यान असलेली डोंगररांग. झाडीत जुने ऑर्थोडॉक्स मठ विखुरले आहेत. दोन-तीन बघा, सगळ्यांच्या मागे लागू नका.

सायकल चालवणाऱ्यांसाठी, डॅन्यूबच्या काठाने जाणारा युरोवेलो ६ मार्ग शहरातूनच जातो.

आईन्स्टाईनचं घर इथे आहे हे खरं का?

त्याच्या पहिल्या बायकोचं, मिलेवा मारिचच्या कुटुंबाचं घर आहे, किसाच्का रस्त्यावर. ती स्वतः झुरिकच्या पॉलिटेक्निक या नावाजलेल्या संस्थेत भौतिकशास्त्र शिकलेली. आईन्स्टाईन सासुरवाडीला इथे आला होता. आत संग्रहालय असेल म्हणून मात्र लांबून जाऊ नका, बाहेर पाटी आहे.

आई-बाबांना घेऊन जाता येईल का?

जरूर. शहर सपाट आहे आणि मध्यभाग पायी फिरण्याचा. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. कॅफे आणि खाणावळींत आतल्या बाजूला लोक सर्रास सिगारेट ओढतात, दमा असलेल्यांना त्रास होतो. बाहेरची टेबलं धरा. आणि किल्ल्याच्या पायऱ्या उंच, झिजलेल्या, पावसात निसरड्या. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, तेव्हा जाताना टॅक्सी करा आणि गुडघे साथ देत असतील तरच उतरताना पायऱ्या घ्या.